चहाला नाही म्हणणारी पोरं

परवा पुन्हा दोघं दिसले. रूझवेल्ट अव्हेन्यूवर, सात नंबरच्या ट्रेनच्या पुलाखाली. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी, पाठीला सॅक. वय फार तर एकोणीस. वरून ट्रेन धडधडत गेली की बोलणं थांबवायचं, ती गेली की मघाचंच हसू परत तोंडावर आणायचं आणि पुढच्या माणसाला गाठायचं. आणि माणसं? कुणी नुसता हात हलवत होतं, कुणी उगाच फोन कानाला लावत होतं, एक बाई तर चक्क रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.

मी थांबलो. मी नेहमीच थांबतो. त्यामुळे इथल्या मराठी मंडळींत माझी बरीच बदनामी झालेली आहे.

"अरे, तू बोलतोसच कशाला? एकदा बोललास की चिकटतात!" हा पहिला गट. "बिचारी पोरं रे, ब्रेनवॉश केलेली..." हा दुसरा. आणि तिसरा गट म्हणजे, "आपला धर्म बाटवायला येतात आणि तू त्यांना सरबत पाजतोस?" मला या तिन्ही गटांशी भांडायचंय. शिवाय ज्या चर्चने या पोरांना त्या पुलाखाली उभं केलंय, त्या चर्चशीही भांडायचंय. एका बैठकीत चौघांशी भांडण म्हणजे जरा जास्तच होतंय, पण काय करणार, बरीच वर्षं साठलंय.

ज्यांचा यांच्याशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. हे मॉर्मन मिशनरी. चर्चचं पूर्ण नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हा शब्द वापरू नका, असं त्यांच्या प्रमुखांनी २०१८ मधे सांगितलं. पण मी दर वाक्यात पूर्ण नाव लिहायला लागलो तर तुम्ही वाचायचं सोडून द्याल, म्हणून त्यांची माफी मागून जुनाच शब्द वापरतो. १८३० मधे जोसेफ स्मिथ नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाने हा पंथ स्थापन केला, तोही याच न्यू यॉर्क राज्यात. आता मुख्यालय युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला.

या समाजातला मुलगा वयात आला की त्याने दोन वर्षं प्रचाराला जावं अशी अपेक्षा असते. पूर्वी एकोणिसाव्या वर्षी जायचे, २०१२ पासून अठराव्या वर्षी जाता येतं. मुलीही जातात, दीड वर्षासाठी, पण त्यांच्यावर तेवढं दडपण नसतं. कुठे जायचं हे मुलगा ठरवत नाही, चर्च ठरवतं. घाना, ब्राझील, जपान, नाहीतर आमचं क्वीन्स. भाषा येत नसेल तर काही आठवड्यांत जमेल तेवढी शिकवून पाठवतात. पगार नाही. उलट अमेरिकेतली मुलं किंवा त्यांच्या घरचे महिन्याला ५०० डॉलर भरतात. २०२० च्या जुलैपर्यंत ४०० होते. पहिलं नाव घरी ठेवायचं. दोन वर्षं मुलगा फक्त 'एल्डर' अमुक आणि मुलगी 'सिस्टर' तमुक.

आता दिवस कसा असतो बघा. सकाळी साडेसहाला उठायचं. व्यायाम, न्याहारी, मग आपापला अभ्यास, मग जोडीदाराबरोबर अभ्यास, भाषा शिकत असेल तर भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमाराला बाहेर पडायचं ते रात्री नऊपर्यंत. साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून या वेळा थोड्या सैल केल्यात, पण सांगाडा तोच. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, 'तयारीचा दिवस'. त्या दिवशी कपडे धुवायचे, वाणसामान आणायचं, केस कापायचे, वेळ उरलाच तर शहर बघायचं. संध्याकाळी परत कामावर. सिनेमा नाही, टीव्ही नाही, पोहणं नाही. मैत्रीण तर नाहीच नाही. दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा हे मॉर्मनांना जन्मभरच वर्ज्य.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे एकटं राहायचं नाही. कधीच नाही. बाथरूम आणि वरिष्ठांबरोबरची मुलाखत सोडली तर जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात हवा. जोडीदारही स्वतः निवडायचा नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, तेव्हा तो बदलूही शकतो. ज्याच्याशी अजिबात पटत नाही त्याच्याबरोबर एका खोलीत झोपायचं, एका टेबलावर जेवायचं, एकाच दारात उभं राहून शिव्या खायच्या.

त्यातून शहर न्यू यॉर्क! खेडेगावात दार ठोठवायला निदान दार तरी समोर असतं. इथे आधी खालच्या दारातून आत यायचं. तिथे बझरची पाटी, साठ घरांची साठ बटणं. निम्म्या बटणांपुढे नावच नाही, उरलेल्या निम्म्यांपुढे दहा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या भाडेकरूंची नावं. कुणी बटण दाबून आत घेतलंच तर लॉबीत सुपर हटकतो. म्हणून ही पोरं रस्त्यावर, बागेत, ट्रेनच्या फलाटावर माणसं गाठतात, नाहीतर फोनवर आधी ओळख काढतात. जुलैत घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, जानेवारीत नाक लाल. ऐंशी लाखांहून जास्त माणसांच्या शहरात दिवसभर माणसं शोधत हिंडायचं आणि रात्री वहीत लिहायचं काय, तर दोघांनी फोन नंबर दिला, त्यातला एक बहुतेक खोटा.

माझी यांच्याशी पहिली ओळख २००६ च्या जुलैत झाली. खरं तर माझी नाही, आईची. मी नुकताच जॅक्सन हाइट्सला राहायला आलो होतो आणि आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. बझर वाजला की कोण आहे हे न विचारता ती बटण दाबायची. मी किती समजावलं! तिचं एकच उत्तर, "कुणीतरी आलंय म्हणूनच वाजवतंय ना? मग विचारायचं काय त्यात?"

तर एका शनिवारी दुपारी दारात दोन घामाघूम पोरं. एक आयडाहोचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला, बांबूसारखा उंच. दुसरा युटाचाच, पण आईबाप टोंगा बेटांवरून आलेले, दार भरून टाकेल एवढा रुंद. मी दार लावणार तेवढ्यात आई मागून म्हणाली, "अरे, आत तरी घे, केवढं ऊन आहे. बसा रे बाळांनो. चहा टाकते."

चहा चालत नाही म्हणाले. आईला वाटलं संकोच करतायत. मी धर्माचं कारण सांगितलं. तिने दोन क्षण विचार केला आणि मग पूर्ण आदराने म्हणाली, "चातुर्मास असेल." आणि कोकम सरबत करून आणलं. उंच पोराने पेल्यातला तो लाल रंग बघून हळूच विचारलं, यात वाईन तर नाही ना? नाही म्हटल्यावर दोघांनी मिळून अख्खा जग संपवला.

मग आईच्या चौकश्या सुरू. मी दुभाषा. घरी कोण कोण? भावंडं किती? आई काय करते? आईशी शेवटचं कधी बोललास?

"मदर्स डेला," उंच म्हणाला. म्हणजे मे महिन्यात.

"आणि आता परत कधी?"

"ख्रिसमसला."

आईने बोटांवर महिने मोजले. तेव्हा नियमच तसा होता. आठवड्याला एक ईमेल करायची, आणि फोन वर्षातून दोनदाच, मदर्स डे आणि नाताळ. मी तो नियम तिला सांगितला. ती म्हणाली, "तुरुंगात आहेत का रे ही पोरं?" याचं भाषांतर मी केलं नाही. मग तिने उठून कॉर्डलेस फोन आणला आणि त्या पोरापुढे धरला. "लाव म्हणावं आईला. माझ्यासमोर लाव. मी कुणाला सांगणार नाही."

त्याने फोनकडे बघितलं. मग त्याने जोडीदाराकडे बघितलं. मग हसून मान हलवली, नको.

ती नजर मी आजवर विसरलेलो नाही, आणि हा सगळा प्रपंच त्या नजरेसाठीच आहे. तो फोन त्याने लावायला हवा होता असं माझं म्हणणं नाही. नियम त्याने स्वखुशीने घेतला असेल, तो पाळणं हा त्याचा प्रश्न. पण तो एकटा असता तर त्याचं 'नको' हे त्याचं स्वतःचं झालं असतं. जोडीदार शेजारी बसलेला असताना ते कुणाचं होतं? त्याचं, जोडीदाराचं, की दोघांना एकमेकांवर पहारा ठेवायला बसवणाऱ्या व्यवस्थेचं? हे त्याला स्वतःलाही कधी कळलं नसणार. चर्चशी माझं पहिलं भांडण हेच आहे.

पुढे २०१९ च्या फेब्रुवारीत चर्चने हा नियम बदलला. आता मुलं दर आठवड्याला घरी फोन करू शकतात, व्हिडिओवर बोलू शकतात. छान झालं. पण आकाश कोसळलं नाही, प्रचार थांबला नाही. मग आधी इतकी वर्षं हजारो आयांना वर्षातून दोन फोनांवर ठेवलं ते कशासाठी? देवाची इच्छा होती की कुणा वरिष्ठाची सोय? ही बातमी आईला सांगायला हवी होती. ती २०१४ मधे गेली. ती म्हणाली असती, "बघ, मी तेव्हाच सांगत होते."

तुम्ही म्हणाल, नियम कुठे नसतात? लष्करात असतात, वसतिगृहात असतात. मान्य. शिस्तीला माझा विरोध नाही. साडेसहाला उठून अंथरूण आवरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाकडे मी हेव्यानेच बघतो. जोडीने फिरण्यामागे सुरक्षेचा विचार आहे हेही मला कळतं. रात्री नऊला अनोळखी इमारतीच्या जिन्यावर दोघं असलेले बरे. येशूनेही शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं होतं, हे बायबलमधलं उदाहरण ही पोरं लगेच देतात, आणि ते बरोबरच आहे.

पण मग मी त्यांना त्यांचीच गोष्ट सांगतो. १८२० च्या वसंतात, याच न्यू यॉर्क राज्यात, पामायरा गावाजवळ एक चौदा वर्षांचा मुलगा गोंधळलेला होता. गावात येणारा प्रत्येक धर्मोपदेशक आपलाच पंथ खरा म्हणत होता. तेव्हा हा मुलगा उठला आणि देवालाच विचारायला जवळच्या झाडीत गेला. एकटा. बरोबर जोडीदार नाही, छातीवर पाटी नाही, वेळापत्रक नाही. तिथे त्याला देवाचं दर्शन झालं अशी मॉर्मनांची श्रद्धा आहे. तो मुलगा म्हणजे जोसेफ स्मिथ. ते दर्शन खरं मानायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मी मानत नाही. पण गोष्टीचा सांगावा तर स्पष्ट आहे ना? सगळ्यांचं ऐकून घे आणि मग एकटा जाऊन विचार. ज्या धर्माचा जन्म एका पोराच्या एकांतातून झाला, त्या धर्माच्या पोरांना दोन वर्षं तासभराचा एकांत मिळू नये? जोसेफ स्मिथ आज अठरा वर्षांचा असता आणि मिशनवर असता, तर झाडीत जाण्याआधी त्याला जोडीदाराला उठवावं लागलं असतं!

आणि या मुलांची झाडी म्हणजे हे शहर. न्यू यॉर्कसारखं शहर तरुण माणसाला काय देतं? पैसा सगळ्यांना देत नाही. घर तर कुणालाच देत नाही. पण एक गोष्ट फुकट देतं. इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. अठराव्या वर्षी गावाहून आलेला पोरगा इथे पहिल्यांदा असा रस्ता चालतो, ज्यावर त्याच्या बापाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. तेव्हा त्याला कळतं की आपण काय मानतो, आणि त्यातलं किती आपण बाप बघत होता म्हणून मानत होतो. मी सांगलीहून पहिल्यांदा मुंबईत आलो तेव्हा महिनाभरात देवपूजा सुटली आणि वर्षभराने त्यातली थोडी परत आली. जी परत आली ती माझी. या पोरांना जगातल्या सगळ्यात मोठ्या शहरांत नेऊन ठेवतात आणि शहराची ही एकच देणगी नेमकी त्यांच्यापासून राखून ठेवतात. मॅनहॅटनमधे त्यांचं देऊळ आहे, २००४ मधे उघडलेलं, बरोबर लिंकन सेंटरसमोर. एका बाजूला देऊळ, रस्त्यापलीकडे जगातला उत्तम ऑपेरा. एरवी परवानगीशिवाय तो रस्ता ओलांडायचा नाही. दोन वर्षं शहरात काढायची आणि शहर आत शिरू द्यायचं नाही.

इथेच पैशाचंही बोलून टाकतो. महिना ५०० प्रमाणे चोवीस महिन्यांचे १२ हजार डॉलर. बटाट्याच्या शेतावरच्या घराला ते किती जड जात असतील? शिवाय मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचाच. आणि चर्च किती गरीब? २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाने चर्च आणि त्याची गुंतवणूक सांभाळणारी कंपनी यांना मिळून ५० लाख डॉलर दंड केला. ठपका असा, की शेअर्समधली गुंतवणूक नामधारी कंपन्यांच्या नावे दाखवून तिचा खरा आकार झाकला. २०१८ पर्यंत ती गुंतवणूक सुमारे ३२ अब्ज डॉलरवर गेली होती. असू दे, पैसा जमवणं गुन्हा नाही. आणि महागड्या शहरात पाठवलेल्या मुलालाही तेवढेच ५०० भरावे लागतात, हे न्याय्यच आहे. पण ३२ अब्जांवर बसलेल्या संस्थेने पोरांच्या गुल्लकीकडे बोट दाखवून 'त्यागाची सवय लागावी म्हणून' असं म्हणू नये, एवढंच.

बरं, एवढं करून हाती काय लागतं? चर्चच्याच आकड्यांनुसार २०२४ च्या अखेरीस जगभरात सुमारे ७४ हजार मिशनरी होते आणि त्या वर्षात सुमारे ३ लाख ८ हजार माणसांनी नवा बाप्तिस्मा घेतला. म्हणजे माणशी वर्षाला चार. त्यातही ही सरासरी झाली, मोठ्या शहरातल्या कित्येक पोरांच्या वाट्याला तेवढेही येत नाहीत. कुठलीही कंपनी असल्या विक्रीवर दुकान बंद करेल. चर्च करत नाही, कारण खरं गिऱ्हाईक दाराच्या बाहेर उभं आहे. रोज पन्नास वेळा 'मी हे मानतो' असं मोठ्याने म्हटलं की पन्नास वेळा ते स्वतःच्याच कानावर पडतं. रोज पन्नास वेळा दार तोंडावर आपटलं की संध्याकाळी एकच माणूस आपला वाटतो, शेजारी उभा असलेला. दोन वर्षांनी घरी परतलेला मुलगा जन्मभराचा पक्का झालेला असतो. आणि जो मधेच परत येतो, त्याला गावातल्या नजरा आयुष्यभर पुरतात.

आता तुमच्याकडे वळतो मंडळी. हे वाचताना तुम्ही मान डोलावत असाल, पण ते दार पन्नास वेळा आपटतं कोण? तुम्ही आणि मी. चर्चला त्या पोरांना शहरापासून राखायचंय, आणि आपण दार न उघडून तेच काम फुकटात करून देतो. बाहेरचं जग थंड आहे, खोचक आहे, त्याला तुझी पर्वा नाही, हा धडा त्या पोराला कुठल्या पुस्तकातून शिकवावा लागत नाही. आपणच शिकवतो, बझरच्या बटणावर बोट न ठेवता.

'बिचारे, ब्रेनवॉश' म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. त्या पोरांना तुमच्याबद्दल किती माहिती आहे आणि तुम्हाला त्यांच्याबद्दल किती? रूझवेल्ट अव्हेन्यूवरच्या परवाच्या पोरांपैकी एकाला फळवालीशी अस्खलित स्पॅनिशमधे बोलताना मी ऐकलं. तिच्या मुलाचं शाळेत काय चाललंय हे त्याला ठाऊक होतं. मी तिच्याकडून वीसेक वर्षं आंबे घेतोय आणि मला ती कुठल्या देशाची हेही ठाऊक नव्हतं. इक्वेडोरची. ही पोरं कुणाचं सामान पाच मजले चढवतात, कुणाला फुकट इंग्रजी शिकवतात, कुणा म्हातारीच्या दारात नुसती बसतात. त्यात प्रचाराचा हेतू आहे? असेल. माझ्या न बोलण्यात तरी कुठला थोर हेतू होता?

हसणाऱ्यांचं तर विचारूच नका. २०११ पासून ब्रॉडवेवर यांच्यावर एक संगीतिका चालू आहे, 'द बुक ऑफ मॉर्मन'. शंभरावर डॉलरचं तिकीट काढून लोक जातात. मीही गेलो होतो, पोट धरून हसलो. ती सुरू होते तीच दारावरच्या घंटेने. घरी परतताना ट्रेनमधे मनात आलं, की खोट्या मिशनऱ्याने वाजवलेली खोटी घंटा ऐकायला या शहराने एवढे पैसे मोजले, आणि खरा मिशनरी खाली फुकट उभा आहे तर बटण दाबत नाही! चर्चने या विनोदावर खटला भरला नाही, मोर्चे काढले नाहीत. काही शहरांत तर नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत स्वतःची जाहिरात दिली. आपल्याकडच्या भावना दुखावून घेणाऱ्या मंडळींनी हा धडा जरूर घ्यावा.

आणि शेवटी तिसरा गट, धर्म बाटण्याची भीती वाटणारे. अहो, आपली या मिशनऱ्यांशी ओळख आजची नाही. १८५२ मधे ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यालाही गेला. लष्करी छावणीत प्रचार करायला इंग्रज अधिकाऱ्यांनीच त्याला मनाई केली. म्हणजे दार आपटण्याची सुरुवातही साहेबाने केली. आणि आपण काय करायचो? १८५७ मधे विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद घालत होते. लोक जमायचे, ऐकायचे, दोन्ही बाजू पुढे यायच्या. ते वाद नंतर छापूनही निघाले. त्या माणसाला आपला धर्म एका भेटीत बाटेल अशी भीती वाटली नाही. तुम्हाला दीडशे वर्षांनी, घरात देव्हारा, हातात नोकरी आणि वर दोन अंशांची डिग्री असताना, एका अठरा वर्षांच्या पोराची भीती वाटते? मग धोका त्या पोरात नाहीये, तुमच्या पाठांतरात आहे.

माझं म्हणणं साधं आहे. चर्चला सांगणं असं, की २०१९ मधे फोन मोकळा केलात, आता आठवड्यातली एक दुपार मोकळी करा. एकट्याची. पाटी काढून, दिवसाउजेडी, बागेत, ग्रंथालयात, कुठेही. जो मुलगा त्या दुपारीनंतरही सोमवारी परत येईल तो तुमचा खरा. जो येणार नाही, तो आधीही तुमचा नव्हता. आणि आपल्या लोकांना सांगणं असं, की बटण दाबा. पटलं नाही तर वाद घाला, पण माणसासारखा समोर बसवून घाला. नको असेल तर तोंडाने 'नको' म्हणा. तेवढा हक्क तुम्हाला आहेच. नसल्यासारखं करण्याचा नाही.

परवाच्या दोघांना मी शनिवारी घरी बोलावलं होतं. आले. चहाला नाही म्हणाले, कोकम घेतलं. तास-दीड तास आम्ही जोसेफ स्मिथवर भांडलो. मधे मी तुकारामांबद्दल सांगितलं. देहूचा वाणी, दुकान बुडालं, दुष्काळात बायको गेली, डोंगरावर एकटा जाऊन बसायचा. इंग्रजी भाषांतराचं पुस्तक कपाटातून काढून पुढे केलं. धाकट्याने ते हातात घेतलं, चाळलं, आणि मग तेच झालं. त्याने जोडीदाराकडे बघितलं. ठरलेली पुस्तकं सोडून मिशनवर दुसरं काही वाचायचं नसतं.

पण यावेळी थोडं वेगळंही झालं. त्याने खिशातून वही काढली आणि मला नावाचं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं, त्याने लिहून घेतलं. म्हणाला, अजून चौदा महिने आहेत, घरी गेलो की वाचीन.

वाचेल की नाही, देव जाणे. त्याचा किंवा माझा. मी बरणीत कोकम किती उरलंय ते बघून ठेवलंय.